बेपत्ता माणसाचं खातं

१

चौदा महिने बेपत्ता असलेल्या माणसानं गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या बँकेत खातं उघडलं. बँकेत म्हणजे काही बँकेत येऊन नव्हे. 'जिथे असाल तिथून, शाखेत न येता' अशी आमची जाहिरात आहे. तिच्यावर भरवसा ठेवून त्यानं फोनवरून ओळखपत्र पाठवलं, व्हिडिओवर तोंड दाखवलं, कोऱ्या कागदावर सही केली आणि तो खातेदार झाला. चार दिवसांनी कार्डाचं पाकीट त्याच्या घरी पोचलं. सोमवारी ते पाकीट घेऊन त्याची मुलगी माझ्यासमोर उभी राहिली.

मी व्हिडिओ तपासणीत बसते. एकतीस वर्षं काउंटरवर काढली, मग आमची शाखाच बंद झाली आणि मला या पडद्यापुढे आणून बसवलं. दुसऱ्यांनी पास केलेले व्हिडिओ पुन्हा बघायचे आणि चुका काढायच्या, हे काम. चुका काढायची मला मुळातच हौस आहे असं सहकाऱ्यांचं मत आहे. माझ्या पाठीमागे मला 'दुर्बीण' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

मुलगी पस्तिशीची, शाळेच्या ग्रंथालयात कामाला. पाकीट तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"मॅडम, मला तक्रार नाही करायची," ती म्हणाली. "माझे बाबा जिवंत आहेत का, एवढंच सांगा. असतील तर मी शोधत राहीन. नसतील तर..."

बाबा म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांकडून पाढे घोटून घेतले आणि शेवटी स्वतःच विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग घरचा रस्ता. एका सकाळी वर्तमानपत्र आणतो म्हणून पायांत सपाता आणि खिशात फोन असे बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. पोलीस झाले, दवाखाने झाले, भिंतींवर फोटो चिकटवून झाले.

"फोन लावून पाहिलात?" मी विचारलं.

"रोज लावते. बंद आहे म्हणून सांगतात. पण 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं एकदाही नाही म्हणाले. म्हणजे कोणीतरी तो रिचार्ज करत असणारच ना? आणि आता हे पाकीट."

पोरगी हुशार होती. हुशार माणूस आशेला लागलं की त्याचे फार हाल होतात, कारण त्याला कारणंही चांगली सुचतात.

खातेदाराचा व्हिडिओ बाहेरच्या कोणाला दाखवायचा नाही असा नियम आहे. मी दाखवला. जाड चष्मा, पिकलेली मिशी, कानांवर ओढलेली टोपी, मधेमधे अडकणारं चित्र. तिनं पडद्यावरच्या गालाला बोट लावलं.

"बाबाच," ती म्हणाली आणि तिथेच टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.

२

ती गेल्यावर मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.

तो पास केला होता माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईनं. तिला मी दोष देणार नाही. कागद खरे होते, चेहरा फोटोशी जुळत होता, मास्तरांच्या फोनवर गेलेला ओटीपीही बरोबर परत आला होता. घाईत कोणीही पास केला असता. पण मला आता या वयात कसली घाई?

जन्मतारीख विचारली तेव्हा त्या माणसाची नजर खाली गेली. समोर कागदावर लिहून ठेवली असणार. विसराळू माणसाचं ते समजण्यासारखं आहे. पण नंतर आईचं नाव विचारलं, तेव्हा नजर खाली गेली नाही. पटकन सांगितलं, आणि आवाज थोडा हळवाही झाला.

मग पडद्यावर चार आकडे येतात, ते मोठ्यानं वाचायचे असतात. समोर जिवंत माणूस बसलाय, कोणाचा फोटो नाही, हे कळावं म्हणून. आकडे होते ४०७०.

"चार पूज्य सात पूज्य," तो म्हणाला.

शून्याला पूज्य म्हणणारं माणूस मला कित्येक वर्षांत भेटलं नव्हतं. आमच्या लहानपणी गणितात भोपळा मिळाला की 'पूज्य मिळालं' म्हणत. आता पोरंटोरं झीरो म्हणतात आणि आमच्यासारखी जुनी खोडं शून्य. मी कागदावर 'पूज्य' लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल केला.

त्याच्या मागे भिंत दिसू नये म्हणून पांढरं कापड टांगलं होतं. कापडाच्या कडेला निळ्या खडूची एक सरळ रेघ होती.

शेवटी मी नकाशा उघडला. व्हिडिओच्या वेळी फोन कुठे होता हे आमच्याकडे टिपलं जातं. मला वाटलं होतं कुठलं तरी परगाव निघेल, एखादा आश्रम नाहीतर धर्मशाळा. खूण दिसली ती मास्तरांच्याच गल्लीत, त्यांच्या दारापासून पाचशे पावलांच्या आत.

३

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली गल्ली. मास्तरांची बायको त्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसली होती. गेले दोन महिने ती अंथरुणातून उठत नव्हती, चार घासांवर दिवस काढत होती. पाकीट आल्यापासून उठून बसतेय, दोन्ही वेळा जेवतेय, असं मुलीनं मला जिन्यातच सांगितलं होतं.

"ह्यांना रांगेत उभं राहायचा भारी कंटाळा," बाई म्हणाल्या. "म्हणून तुमच्याकडे असं घरबसल्या उघडलं असेल. आणि बघा ना, पत्ता इथलाच दिलाय. म्हणजे घर आठवतंय त्यांना."

मी चहाचा घोट घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मास्तर शून्याला पूज्य म्हणतात का हो?"

बाई चक्क हसल्या. "नाव काढू नका. ह्यांच्यासमोर तो शब्द कोणी काढला तर हातातला घास बाजूला ठेवून टोकतात. पूज्य वडीलधारी माणसं असतात, अंकाला शून्य म्हणायचं! अहो, माझं नाव विसरायला लागले, पण टोकायचं नाही विसरले. जायच्या आदल्या दिवशीसुद्धा टोकलं."

"कोणाला?"

"दूधवाल्याला," त्या म्हणाल्या. "तो फोन नंबर सांगत होता."

मी कप खाली ठेवला. खिडकीतल्या बाईच्या तोंडावर इतकं सुख होतं की मला तिच्याकडे बघवेना. व्हिडिओतला माणूस मास्तर नव्हता. तरी ओटीपी आला होता मास्तरांच्या फोनवर, आणि तो फोन घेऊनच मास्तर घराबाहेर पडले होते. म्हणजे ज्याच्याकडे तो फोन आहे, त्याला मास्तरांचं पुढे काय झालं ते माहीत होतं. आणि तो माणूस याच गल्लीत रोज वावरत होता.

४

मुलीनं सांगितलं त्याप्रमाणे पोलिसांत तक्रार देताना मास्तरांची कागदपत्रं तीन पुरुषांच्या हातांतून गेली होती. तिघंही त्या पाचशे पावलांतले. मी एकेकाला गाठलं आणि 'खात्याला पर्यायी संपर्क हवा' असं सांगून प्रत्येकाचा फोन नंबर तोंडी मागितला.

पहिला, मास्तरांचा मुलगा. खालच्या मजल्यावर फोनदुरुस्तीचं दुकान, तोंडवळा थेट बापाचा. मला पाहताच हातातला स्क्रू ड्रायव्हर ठेवून त्यानं विचारलं, "सापडले का?" नाही म्हटल्यावर पुन्हा कामात डोकं घातलं. "लोक काय वाटेल ते बोलतात. म्हातारा गेला की घर मोकळं होईल म्हणून मी शोधत नाही, असंही बोलतात. बाबा हट्टी आहेत हो. येतील तेव्हा त्यांच्याच मर्जीनं येतील." नंबर त्यानं घडाघडा इंग्रजीत सांगितला. झीरो, झीरो.

दुसरा वरचा भाडेकरू. नाटकांत नटांची तोंडं रंगवतो. खोलीभर दाढ्या, टकलं आणि नाकं.

"सरांचा काही ठावठिकाणा?" त्यानंही आधी तेच विचारलं. "देवमाणूस आहेत. माझं प्रत्येक नाटक बघायला येतात आणि तिसऱ्या अंकाला झोपतात." नंबर सांगताना शून्याचा उच्चार असा केला, जणू पडदाच वर गेलाय. मग स्वतःहूनच म्हणाला, "बाकी एक गंमत. मागच्या आठवड्यात माझी एक पिकली मिशी गायब झाली आणि दोन दिवसांनी आपली आपण डब्यात परत आली. वर कोणीतरी ती नीट विंचरून ठेवलेली."

"इथे येतं कोण?"

"दार उघडंच असतं. सरांचा मुलगा पंखा बघायला येतो. शिंपीकाका कपडे द्यायला येतात. दूधवाला येतो."

मिशी विंचरून परत ठेवणारा चोर मला आवडायला लागला होता, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

५

गल्लीच्या टोकाला मास्तरांच्या धाकट्या भावाचं दुकान होतं. शिंपीकाका. साठीचा, गुळगुळीत दाढी केलेला, गळ्यात टेप. त्यानं मला स्टूल पुसून दिलं, मशीन थांबवलं नाही.

"नंबर ना? घ्या लिहून. नऊ आठ पूज्य सात..."

मी लिहायचं थांबले. त्याला वाटलं मला शब्द कळला नाही.

"पूज्य म्हणजे शून्य हो. जुनी खोड. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. मास्तर झाला तो पहिल्याच वर्षी माझ्याच वर्गावर आला. आणि सख्ख्या भावाला गणितात पूज्य दिलं! पेपर कोरा होता म्हणा. तेव्हापासून त्याला चिडवायला मी मुद्दाम पूज्य म्हणायचो. तो तडतडायचा. बाकी जीव होता माझ्यावर. त्याला सदरा माझ्याच हातचा लागायचा."

चिडवायचो, तडतडायचा, लागायचा. बायको म्हणाली होती 'टोकतात'. मुलगा म्हणाला होता 'हट्टी आहेत'. भाडेकरूचे सर अजून नाटक बघायला 'येतात'. गल्लीत मास्तरांना भूतकाळात घालणारा हा एकटाच माणूस होता. आणि मास्तर सापडले का, हे मला न विचारणाराही एकटा हाच.

समोरच्या पांढऱ्या कापडावर निळ्या खडूच्या रेघा होत्या. मुलाच्या दुकानातही काकांनी शिवलेला पडदा होता, भाडेकरूकडे काकांचेच कपडे होते, म्हणून नुसत्या खडूवर मी विसंबले नसते. पण आईचं नाव कागदात न बघता सांगणारा, ते सांगताना हळवा होणारा माणूस तिचा लेकच असणार. मास्तर तर तो नव्हता. मग राहिला कोण?

"काका," मी म्हटलं, "दादा कधी गेला?"

मशीन थांबलं. त्यानं बराच वेळ हातातला दोरा बोटाला गुंडाळला, मग सोडवला.

"बाहेर पडल्यावर नवव्या दिवशी," तो म्हणाला. "लांबच्या गावी रस्त्यात पडला होता. कोणीतरी दवाखान्यात टाकलं. तिथल्या नर्सनं त्याचा फोन चार्ज केला, आणि सगळ्यात वर माझा नंबर होता. मी पोचलो तोवर तो गेला होता. त्याला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं हो. मी एकट्यानंच त्याचं शेवटचं सगळं केलं आणि गाडीत बसलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. जिना चढलो तर वहिनी दारात. म्हणाल्या, भाऊजी, आज मला वाटतंय ते येतील. मनात म्हटलं, उद्या सांगू. मग परवा. मग इतके दिवस झाले की सांगायला तोंडच उरलं नाही."

"आणि खातं?"

"वहिनींनी खाणं सोडलं. डोळ्यांदेखत विझत चालल्या होत्या. काहीतरी खूण द्यायला हवी होती. पत्र लिहावं तर दादाचं अक्षर त्यांना झोपेतही ओळखू येईल. फोन करावा तर आवाज ओळखतील. मग तुमची जाहिरात दिसली. दादाचा फोन माझ्याकडे होताच, नंबर मरू नये म्हणून रिचार्ज करत आलो होतो. बँकेच्या पाकिटाला ना अक्षर, ना आवाज. नुसतं छापलेलं नाव." त्यानं डोळे पुसले. "जेवल्या हो त्या. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवल्या."

"आणि पोरगी? ती बापाचा फोटो घेऊन अजून गावोगाव हिंडते."

"मीही जातो तिच्याबरोबर. दर सुट्टीला."

"माहीत असून?"

"ती जाणारच होती. मग तिला एकटीला कसं जाऊ देऊ?"

मला त्याचा भयंकर राग आला, आणि तेवढंच वाईटही वाटलं. पोरीनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. ती गोष्ट या माणसानं चौदा महिने खिशात घालून तिच्याच शेजारी बसून प्रवास केला होता.

"मला हे वर कळवावंच लागेल," मी म्हटलं. "त्याचं जे व्हायचं ते होईल, त्यात मी काही करू शकत नाही. पण खातं बंद होईल आणि तसं पत्र आठवड्याभरात घरी जाईल. खातेदार मयत, असं छापलेलं. त्याच्या आत तुम्ही सांगा."

तो काही बोलणार एवढ्यात त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तो ताडकन उभा राहिला.

६

दारात मास्तरांची बायको उभी होती. एका हातानं लेकीचा दंड धरलेला, दुसऱ्या हातात कापडाची घडी. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती जिना उतरली होती आणि दम लागून हसत होती.

"बँकेच्या बाई इथेच आहेत होय," ती म्हणाली. "भाऊजी, ह्यांच्यासाठी एक सदरा शिवा. येतील तेव्हा अंगावरचं काही धड नसणार. माप तुमच्याकडे आहेच. पण वाळले असतील, तेव्हा बाजूंनी थोडा कमी घ्या."

काकांनी कापड घेतलं. टेबलावर पसरलं, हातानं सुरकुती काढली, खडू उचलला. रेघ मारायला वाकले आणि तसेच वाकून राहिले. खडू कापडाला टेकत नव्हता.

"वहिनी," ते खाली बघूनच म्हणाले, "सदरा नको."

"का?"

त्यांनी खडू खाली ठेवला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मी स्टूल पुढे केलं. त्यांनी ते हातानं चाचपलं आणि बसल्या. मग काकांनी सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसंच, फक्त मधे बऱ्याच वेळा थांबून.

मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "परवा आपण त्या गाडीतळावर चार तास उभे होतो, काका. तू माझ्या हातातले फोटो घेऊन वाटत होतास. एका म्हाताऱ्याच्या मागे मी धावले, तेव्हा तू माझी चप्पल उचलून आणलीस."

"हो," काका म्हणाले.

"कधीतरी तू मला सांग, हे बरं केलंस की वाईट. आज नको सांगूस." ती शिवून टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून उभी राहिली.

बाई मात्र रडत नव्हत्या. बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"नववा दिवस म्हणजे वार कुठला?" त्यांनी विचारलं.

"बुधवार."

"किती वाजता?"

"दुपारी. तीनच्या सुमारास, असं दवाखान्यात म्हणाले."

"बुधवारी दुपारी तीनला," त्या म्हणाल्या, "मी काय करत होते?"

बाहेर कोणीतरी शटर ओढत होतं.

"मला आठवतच नाही ग," त्या लेकीकडे वळल्या. "दुपारची मी पडते जरा. हे तिकडे जात होते आणि मी इकडे झोपले होते का? का शेजारणीशी हसत बसले होते? मला काहीच कसं जाणवलं नाही? काहीतरी करत असेन ना मी. सांग ना, मी काय करत होते?"

मुलगी कपड्यांपासून वळली. आईसमोर जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तू झोपली नव्हतीस, आई," ती म्हणाली. "मी घरी होते ना त्या दिवशी. दुपारी तू बाबांचं कपाट आवरत होतीस. मधेच थांबलीस आणि म्हणालीस, का कोण जाणे, आज ह्यांची फार आठवण येतेय. मला चांगलं आठवतंय."

काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तो सबंध आठवडा ती दवाखाने पालथे घालत गावाबाहेर होती. तिनंच मला ते तारखांसकट सांगितलं होतं, आणि काकांना तर ते माहीतच होतं. खोटं बोलणारा माणूस ओळखायचा मला पगार मिळतो. मी खाली बघत राहिले.

"असं म्हणाले मी?"

"हो, आई."

"मग बरं," बाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्या रडल्या.